टाचेतली माती

अप्पांच्या बुटाच्या टाचेत माती होती आणि ती त्यांच्या गल्लीतली नव्हती. केर काढताना बूट भिंतीशी सरकवायला म्हणून तिने उचलला, सवयीने उलटा केला, आणि केरसुणी दाराला टेकून तशीच राहिली. टाचेच्या खाचेत बसलेली ती तांबूस वडी अजून पुरती वाळली नव्हती. तिने केसातली पिन काढून ती उकरली, तळहातावर घेतली, मोरीत जाऊन नळाचा एक थेंब तिच्यावर पाडला आणि अंगठ्याने मळायला लागली. हे करताना तिला जराही विचित्र वाटलं नाही. माती ओळखायची हीच रीत आहे. गोळी करायची, अंगठा आणि तर्जनीमधून पट्टीसारखी पुढे ढकलत न्यायची आणि ती किती लांब जाऊन तुटते ते बघायचं. गल्लीतली माती पट्टी धरतच नाही. तिच्यात बांधकामाची वाळू असते, सिमेंट असतं, विटांचा चुरा असतो. बोटांतून सुटली की संपली. ही पट्टी मात्र बोटावरून खाली लोंबायला लागली तरी तुटेना. तिने ती दिव्याखाली धरली. आत अभ्रकाचे बारीक कण चमकले. ही माती तिला आपल्या तळहाताच्या रेघांसारखी पाठ होती. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या वरच्या अंगाला जे जंगल आहे, त्याच्या उतारावरची ही माती. गेले दोन हंगाम ती हीच माती मोजत होती, आणि आज ती अप्पांच्या टाचेतून निघाली होती.

अप्पा बाहेर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर म्हणजे कालचा. आजचा अजून आला नव्हता. हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"अप्पा, काल दुपारी कुठे गेला होतात?"

"खाली."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली. जिना संपतो तिथे."

"आणि मग?"

अप्पांनी पेपर थोडा खाली केला. चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली. आता माझीच लेक दारात उभी राहून तिकीट मागतेय. फेडावं लागतं म्हणतात ना, ते असं."

ते बसचे तिकीट तपासनीस होते. गणवेश नव्हता त्यांना, साधा शर्ट आणि खिशात बिल्ला. मधल्याच एखाद्या थांब्यावर चढायचे, दाराच्या दांडीला एका हाताने धरून उभे राहायचे आणि इतक्या हळू, इतक्या अदबीने तिकीट मागायचे, की माणूस आधी ओशाळायचा आणि मग खिसा शोधायचा. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. तिथल्या बाकावर डबा उघडून ते तिला सांगायचे, "लोकांना वाटतं बिनतिकीट माणूस घाबरतो. खोटं आहे. तो निवांत असतो, त्याचं ठरलेलं असतं. घाबरतो तो तिकीटवाला. मी चढलो रे चढलो की त्याचा हात खिशाकडे. अरे, तुझ्याकडे आहे ना तिकीट? मग कशाला चाचपतोस? तर त्याच्याकडे हरवण्यासारखं काहीतरी असतं." हे सांगून ते हसायचे आणि डब्यातला मोठा वाटा तिच्याकडे सरकवायचे. आई म्हणायची, पोरीला नको ते शिकवू नका, ती आधीच सगळ्यांच्या खिशात बघते.

"आज वार कोणता, अप्पा?" तिने गोळ्यांची डबी त्यांच्यापुढे धरत विचारलं.

हे ती रोज विचारायची. कुठेतरी वाचलं होतं तिने, रोज साधे साधे प्रश्न विचारत राहावं, म्हणजे घसरण कळते. अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. डबीकडे पाहिलं, पण डबीवरच्या वारांची अक्षरं तिने अंगठ्याखाली झाकली होती. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली.

"होतं," अप्पा म्हणाले. "आत्ता इथेच होतं. तू विचारलंस की जातं."

ऑफिसला जाताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आई गेल्यापासूनच्या गोष्टी तिने मनात एकाखाली एक मांडल्या होत्या. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि अप्पा शेजारीच खिडकीत उभे होते. एकदा त्यांनी आईचा चष्मा शोधला. एकदा तिला आईच्या नावाने हाक मारली आणि मग खोकला आल्यासारखं केलं. गॅसची मुख्य कळ ती तेव्हापासून निघताना बंद करून जायची आणि परत आल्यावर हात लावून बघायची. कपाटाच्या फटीत तिने एक दोरा ठेवून पाहिला होता. दोरा पडला होता, म्हणजे अप्पांनी कपाट उघडलं होतं, पण कपाटातलं काहीच हललं नव्हतं, आणि त्यामुळे तिला जास्तच काळजी वाटली. मग अप्पा गप्प व्हायला लागले. ती खोलीत आली की हातातली वस्तू खाली ठेवायचे. विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. दुपारी बाहेर जायचे आणि ती यायच्या आत परत येऊन त्याच खुर्चीत तोच पेपर घेऊन बसायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिच्या विषयात पाणी मुरणं ही चांगली गोष्ट. मुरलेलं पाणी माती नेत नाही. घरात मात्र तिला ते ऐकू यायचं, भिंतीच्या आत, कुठे ते न कळणारं.

दादाचा फोन दुपारी आला. दादा दुसऱ्या शहरात असतो, त्याचं घर लहान आहे आणि बायको मोठी आहे असं अप्पाच म्हणतात. "मी सगळं बघून आलोय," दादा म्हणाला. "स्वच्छ आहे. नर्स आहे, बाग आहे, त्यांच्या वयाची माणसं आहेत. लोकांना वाटतं वृद्धाश्रम म्हणजे काय नि काय. तसं काही नाही."

"हं."

"रविवारी गाडी घेऊन येतो. पण एक लक्षात घे, हे तुझ्यावर आहे. तू रोज बघतेस. मी महिन्यातून एकदा येतो, माझ्यासमोर ते टुणटुणीत असतात, मला बसमधले किस्से सांगतात. तू सांग. खरंच इतकं झालंय का?"

"मी उद्यापर्यंत सांगते," ती म्हणाली.

"उद्या काय वेगळं होणार आहे?"

तिने बुटाचं सांगितलं नाही. पुरावा पुरता हातात आल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची सवय होती, आणि तेव्हा टेबलावर तिच्यासमोर दुसरा पुरावा पसरलेला होता, ज्याला आतापर्यंत चेहरा नव्हता. जंगलातली माती किती वाहून जाते हे मोजायची एक रीत ऐकायला हसू येईल इतकी साधी आहे. उतारावर ओळीने लोखंडी सळ्या ठोकायच्या, खोल, हलणार नाहीत अशा. डोकं तेवढं वर ठेवायचं. पाऊस पडला, माती गेली, की सळी जास्त उघडी पडते. जेवढी उघडी पडली तेवढी जमीन खाली गेली. वर्षभराच्या नोंदी घ्यायच्या, सगळ्या उताराला गुणायच्या आणि सांगायचं, या जंगलातून एवढी माती दरवर्षी तलावात उतरते. अप्पांना तिने हे एकदा समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे सळी खरं बोलते आणि जमीन खोटं?" फक्त एक अडचण असते. जंगलात जमीन दिसत नाही, पाचोळा दिसतो. मृदसंधारण खात्यातले बाकीचे लोक मोजपट्टी पाचोळ्यावरच टेकवायचे आणि अंदाजाने काहीतरी वजा करायचे. ती तसं करायची नाही. तिने चित्रकाराचा मऊ ब्रश विकत आणला होता. प्रत्येक सळीपाशी गुडघ्यावर बसून ती पान न् पान बाजूला करायची, खालचा कुजलेला चुरा ब्रशने झाडायची, शुद्ध माती दिसली की मगच पट्टी लावायची. खात्यात तिचा ब्रश प्रसिद्ध होता. साहेब पाहुण्यांना तिची ओळख करून देताना म्हणायचे, ही आमची दंतवैद्य.

आणि इतकं जपून मोजलेले आकडे वेड्यासारखे आले होते. अशा दाट झाडीखाली माती जवळजवळ जायलाच नको. सूत्र तेच सांगत होतं, पुस्तक तेच सांगत होतं. पण वरच्या ओळीतल्या सळ्या नांगरलेल्या उघड्या शेतासारख्या बोलत होत्या. साहेबांना मोठा आकडा आवडला होता. आकडा मोठा असला की उतार कापून पायऱ्या करता येतात, भिंती बांधता येतात, यंत्रं येतात, आणि अहवालाला वजन येतं. तिला मात्र आकडा दिसल्या क्षणापासून मनात पाल चुकचुकली होती. कोणीतरी सळ्यांना हात लावतंय. कोणीतरी त्या किंचित वर ओढतंय. वनरक्षकाला तिने गाठलं होतं. त्याची चौकी उताराच्या पायथ्याशी आहे.

"मॅडम, सळ्या ओढून कोणाला काय मिळणार?" वनरक्षक म्हणाला होता. "चोरायच्याच असत्या तर अख्ख्या नेल्या असत्या. बोटभर वर करून कोण जाईल? भूत?"

"कोणी येतं का वर? बाहेरचं?"

"येतं की. तुम्ही येता."

"माझ्याशिवाय?"

"एक म्हातारे गृहस्थ येतात कधीमधी. बसतात नि जातात. तलाव बघायला येतात लोक, त्यातलेच असतील."

तेव्हा तिने म्हाताऱ्या गृहस्थांकडे लक्ष दिलं नव्हतं. आता टेबलाशी बसल्या बसल्या ते जणू चालत येऊन तिच्यासमोर उभे राहिले, शर्टाच्या खिशाला पेन, हातात छत्री. आई गेली त्या हंगामात ती अप्पांना एकदा बरोबर घेऊन गेली होती, घरात एकटं सोडवेना म्हणून. वरच्या ओळीशेजारी एक खोड आडवं पडलं आहे, त्यावर ते बसले होते. ती ब्रशने झाडत होती आणि ते बघत होते. "यातली एक ओढून काढली तर काय होईल?" त्यांनी विचारलं होतं. "माझी नोकरी जाईल," ती म्हणाली होती, आणि दोघं हसले होते. आता तिला ते हसू वेगळं ऐकू आलं. अप्पांकडे निवृत्तांचा पास होता. तलाव म्हणजे बसचा शेवटचा थांबा. म्हाताऱ्या माणसाचे हात कशाशी तरी खेळत राहतात, आणि मन ताळ्यावर नसलं की कशाशी खेळतोय ते त्याला कळत नाही. सगळं जुळलं. इतकं नीट जुळलं की तिला सुटल्यासारखं वाटलं. एकाच कारणाने दोन्ही गोष्टी समजत होत्या, आणि शास्त्रात याहून चांगलं काय असतं?

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी पिशवी घेतली, गॅसची कळ बंद केली, गोळ्या दिल्या. वार मात्र विचारला नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. शेवटच्या थांब्यावर उतरून ती नेहमीच्या वाटेने गेली नाही. चौकीला वळसा घालून पलीकडच्या अंगाने वर चढली आणि वरच्या ओळीच्याही वर जो काळा खडक पुढे आलेला आहे त्याच्यावर, एका झुडपाआड, जाऊन बसली. इथे ती कधीच आली नव्हती. कामच नव्हतं. तिचा उतार खडकाच्या खाली सुरू होत होता. रात्री पाऊस पडून गेला होता, आभाळ उघडलं होतं, पण झाडं अजून गळत होती. उंच झाडांची पानं पाणी धरून ठेवतात, ते टोकाशी जमत जातं, जड होतं आणि मग एक मोठा थोरला थेंब सुटतो. आभाळातल्या थेंबाहून तो जाडजूड असतो. इतक्या उंचीवरून उघड्या जमिनीवर पडला तर मातीचा कण वीतभर उडवतो. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. आता ते तिच्या मानेवर पडत होतं. बसून बसून पायाला मुंग्या आल्या. आपण आपल्या बापावर पाळत ठेवून झुडपात बसलोय, हा विचार एकदा आला, आणि तिने तो मुंगी झटकावी तसा झटकला. पाळत कसली, निरीक्षण.

अप्पा आले. खालून हळूहळू, छत्री काठीसारखी टेकत. दर थोड्या वेळाने थांबत होते, पण वाट शोधत नव्हते; पाय वाटेला ओळखत होते. खोडाशी आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, खोड पुसलं, रुमाल अंथरला आणि बसले. सर्वात जवळची सळी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. अप्पांनी हात लांब केला असता तर सळी मुठीत आली असती. लावा हात, ती मनात म्हणाली. लावा ना. आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण ती हे भिऊन म्हणत नव्हती. तिला ते हवं होतं. त्यांनी एकदा ती सळी ओढली की आकडे सुटत होते, रविवार सुटत होता, दादाला सांगायचं वाक्य तयार होतं.

अप्पांनी हात गुडघ्यांवर ठेवले. घसा खाकरला. आणि बोलायला लागले.

आधी तिला शब्द कळले नाहीत, नुसता चढउतार कळला. तो तिला कुठल्या तरी फार जुन्या जागेतून ओळखीचा होता, जिथे पत्र्याचा थरथराट आणि डिझेलचा वास आणि अप्पांच्या मांडीची ऊब होती. मग वाऱ्याचा रोख वळला आणि शब्द वर आले. "आगार. जुनी गिरणी. घड्याळ मनोरा. कापड बाजार. मुलींची शाळा." अप्पा थांबे म्हणत होते. त्यांच्या बसचे, पहिल्यापासून ओळीने, खणखणीत, बोटांवर अंगठा सरकवत. कुठे अडखळणं नाही, कपाळाला आठी नाही. "पोस्ट. नाट्यगृह. लाकडाची वखार. न्यायालय." ही यादी तिला पाठ होती, सुट्टीत ती त्यांच्या आधी म्हणून दाखवायची. तिचे ओठ आपोआप हलायला लागले. एकेक थांबा येत होता आणि ती मनात बरोबरची खूण करत होती, बरोबर, बरोबर, बरोबर, आणि तिच्या नकळत तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. म्हणजे हे इथे येऊन स्वतःला तपासत होते. घरात जे विचारलं की जातं ते अजून आहे की नाही हे बघायला ते बस पकडून, चढण चढून, जिथे कोणी विचारणारं नाही तिथे येत होते. "वाचनालय," अप्पा म्हणाले. "पूल." आणि तिची खूण हवेतच राहिली. वाचनालयानंतर पूल नाही. वाचनालयानंतर मोठा दवाखाना. आई तिथे होती, शेवटी.

"पूल. पाण्याची टाकी. नवी वसाहत." अप्पा पुढे गेले होते. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तिने पुन्हा ऐकण्यासाठी कान दिला, पण थांबे संपले, शेवटचा आला, तलाव, आणि अप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर एकदा थोपटले, कंडक्टर बसचा पत्रा थोपटतो तसे. विसरले? की गाडी तिथे न थांबवता पुढे नेली? दोन्हींचा आवाज एकच होता. बाहेरून मोजता येईल असा कुठलाच फरक त्यात नव्हता.

ते उठले. रुमाल झटकला, घडी घातली, खिशात ठेवला. सळीकडे पाहिलंसुद्धा नाही. सळीला पाय लागू नये म्हणून मात्र जरा वळसा घेऊन उतरायला लागले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ झाडांत दिसेनाशी झाली आणि नजर रिकामी होऊन उतारावर पसरली, आणि तेव्हा तिने तो उतार पहिल्यांदा पाहिला. दोन हंगाम ती त्याच्याकडे गुडघ्यावर बसून, नाक मातीपाशी नेऊन बघत होती. वरून कधी पाहिलंच नव्हतं. सगळा उतार पाचोळ्याच्या जाड, ओल्या गोधडीखाली झोपला होता. आणि त्या गोधडीला चाई लागली होती. ताटाएवढे गोल गोल तांबडे डाग, ओळीने, सारख्या अंतरावर, प्रत्येकाच्या मधोमध एक सळी. उंच झाडावरून एक थेंब सुटला आणि पाचोळ्यावर पडला. काही झालं नाही. दुसरा सुटला तो एका लाल डागात पडला, आणि सळीच्या अंगावर मातीचे शिंतोडे उडाले. सळ्या खालून लाल झालेल्या होत्या. ते शिंतोडे तिने दर खेपेला पाहिले होते. दर खेपेला पुसले होते, ब्रशने.

खालची ओळ इथून दिसतच नव्हती. ती काटेरी झुडपात होती, सरपटत जावं लागायचं, म्हणून तिथल्या नोंदी ती हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तेवढ्याच घ्यायची. तिथली माती जागेवरून हललीच नव्हती. ते आकडे इतके लहान होते की तिने त्यांच्यावर शंका घेतली होती. वरची ओळ तिची लाडकी, सोयीची, प्रत्येक पावसानंतर तिने तिथे बसून पान न् पान बाजूला केलं होतं, आणि जिथे ती जास्त वेळा बसली होती तिथेच जमीन जास्त गेली होती. कोणी सळी ओढली नव्हती. जंगल ठीक होतं. ती मोजायला आली नसती तर त्या डागांतली माती आपल्या जागी बसून राहिली असती. साहेबांना सांगावं लागेल, की हा मोठा आकडा उताराचा नाही, माझ्या हाताचा आहे. पायऱ्या कापू नका. साहेब आधी हसतील. मग हसायचे थांबतील. दोन हंगाम पाण्यात. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं आणि तरी ती त्याबद्दल विचार करत नव्हती. ती आठवत होती, की अप्पांनी वार न चुकता सांगितला असा शेवटचा दिवस कुठला. आणि तो तिने विचारायला सुरुवात केली त्याच्या आधीचा होता का? ते तिला सांगता येईना. त्या आधीची नोंदच नव्हती.

घरी ती पोचली तेव्हा अप्पा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. बूट पायपुसण्यावर होते, टाचा भिंतीकडे. तिने आपले बूट काढून त्यांच्याशेजारी ठेवले. हात त्यांच्या बुटाकडे गेला होता तो मध्येच वळवून तिने पिशवी खुंटीला अडकवली. गॅसची कळ उघडताना ती आधीच उघडी आहे असं तिला दिसलं. ओट्यावर चहाची बशी विसळून पालथी घातलेली होती.

फोन वाजला. दादा.

"मग? उद्यावर टाकलं होतंस. काय ठरलं? मी रविवारी सकाळी निघू ना?"

"नको."

"नको म्हणजे? परवापर्यंत तर तू रडत होतीस. गॅस काय, चष्मा काय."

"माझं मोजण्यात चुकलं."

"काय चुकलं? अगं, हे काय तुझं खातं आहे का?"

"दादा, नको. म्हणजे ये तू. जेवायला ये. वहिनीलाही आण."

"आणि पुढच्या महिन्यात काही झालं तर? गॅसचं काही झालं तर? तू सांगितलंस म्हणून मी थांबतोय, हे लक्षात ठेव."

"ठेवते," ती म्हणाली. दादा खोटं बोलत नव्हता. पाचोळ्याखाली जमीन शाबूत असतेच असं नाही. शाबूत आहे की नाही हे उचलून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि उचलायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. त्याला विश्वास म्हणतात की काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. तिला अजूनही तो प्रश्न हवा होता. वाचनालयानंतर काय येतं, अप्पा? एवढाच. जिभेच्या टोकावर तो अभ्रकासारखा टोचत होता. तिने चहाचं आधण ठेवलं आणि पाण्याला बुडबुडे येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"दादा होता?" बाहेरून अप्पांनी विचारलं.

"हो. रविवारी जेवायला येतोय."

"नुसता जेवायला?"

"नुसता जेवायला."

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, एका हाताने चौकटीला धरून, जमीन हलत नसतानाही हलत असल्यासारखे. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ते तिच्या गुडघ्याकडे बघत होते. तिथे तांबूस ओली माती लागलेली होती, खडकावरची, आणि बाहीला एक अर्धवट कुजलेलं पान चिकटलं होतं. ते त्यांनी दोन बोटांनी काढलं, दिव्याखाली धरून उलटसुलट केलं आणि ओट्यावर ठेवलं. मग हळू, अगदी अदबीने, त्या जुन्या आवाजात विचारलं,

"आज कुठे होतीस, बाळ?"

तिचा हात खिशाकडे गेला. ब्रशच्या केसांत अडकलेलं बसचं तिकीट तिथेच होतं, शेवटच्या थांब्याचं. बोटांना ते लागलं, तरी ती चाचपत राहिली.